मधलं घर कुठलं?



१९९२ साली आपल्या गावोगाव दारिद्र्यरेषेची पाहणी झाली. कुठे ग्रामसेवक आला, कुठे शाळेचे गुरुजी आले, कुठे कुणीच आलं नाही आणि चावडीवर बसूनच तक्ते भरले गेले. मग याद्या लागल्या. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न ११,००० रुपयांच्या आत ते रेषेखाली, ज्याचं जास्त ते रेषेवर. रेषेखाली असेल त्याला कर्ज, विहीर, घरकूल मागता येत होतं. रेषेवर असेल त्याला काही नव्हतं.

याद्या लागल्यापासून आमच्याकडे एकच प्रश्न येतो आहे. मागच्या बैठकीत एका वाडीतल्या म्हातारीनं तो सगळ्यांत चांगला विचारला. तिचा मुलगा आणि सून आठ महिने वीटभट्टीवर असतात. ती दोन नातवंडं घेऊन घर राखते. तिच्या घरापुढे उत्पन्न लिहिलंय १२,००० रुपये. ती म्हणाली, "एवढे पैसे आले कवा आन् गेले कुठं, तेवढं मला विचारून सांगा. मी तर बघितलं नाय."

सगळे हसले. पण हसण्यासारखं काही नव्हतं. तिच्याच गावात ज्याचा ट्रक आहे त्याचं नाव यादीत आहे. त्याच म्हातारीच्या नातवाला आश्रमशाळेत घालताना तीन वर्षांपूर्वी तलाठ्यानं दाखला दिला होता, त्यावर उत्पन्न होतं ४,००० रुपये. घर तेच, जमीन तीच, माणसंही तीच. मग आकडा तिप्पट कसा झाला? दाखल्याला कमी आकडा लागतो म्हणून कमी लिहिला. यादीत नावं जास्त झाली की वरून ओरडा बसतो म्हणून जास्त लिहिला. खरा आकडा दोन्ही वेळेला कुणी मोजलाच नाही.

म्हणून या अंकात आम्ही आकड्यावर लिहिणार आहोत. जमिनीचा लढा सोडून हे काय काढलं, असं काही साथी म्हणतील. शेवटपर्यंत वाचा, म्हणजे कळेल की हा जमिनीचाच लढा आहे.

सरासरीची गंमत

वरचे साहेब आपल्याला नेहमी सांगतात की पुणे जिल्हा श्रीमंत आहे. दरडोई उत्पन्न एवढं, सरासरी तेवढी. आता पिंपरी-चिंचवडचे कारखाने, बारामती-इंदापूरचा ऊस, पुणे शहरातले बंगले आणि आपल्या आंबेगाव-जुन्नर-खेडच्या पश्चिम पट्ट्यातल्या, मुळशी-वेल्ह्यातल्या वाड्या, हे सगळं एका टोपलीत टाकून भागाकार केला तर सरासरी मोठी येणारच. त्या भागाकारातून आपल्या घरात एक दाणा येत नाही.

शाळेत ज्यांनी गणित केलं असेल त्यांना आठवेल, सरासरीच्या पुढच्याच पानावर आणखी एक गोष्ट असते, तिला मध्यक म्हणतात. आपल्या मुलांना परीक्षेपुरती ती शिकवतात. पण ती आपल्या फार कामाची आहे.

समजा एका वाडीत अकरा घरं आहेत. वर्षाचं उत्पन्न असं धरू :

३,०००
३,५००
४,०००
४,५००
५,०००
५,५००
६,०००
७,०००
८,०००
१२,०००
६२,५००

शेवटचं घर ठेकेदाराचं आहे हे सांगायला नको. आता सगळ्यांची बेरीज करा. १,२१,००० होते. अकरानं भागा. सरासरी येते बरोबर ११,००० रुपये. म्हणजे कागदावर ही वाडी दारिद्र्यरेषेवर पोचली. कुणी साहेब लिहील की या वाडीचं सरासरी उत्पन्न रेषेएवढं आहे, इथं योजनेची गरज नाही. प्रत्यक्षात अकरापैकी नऊ घरं रेषेखाली आहेत.

आता दुसऱ्या रीतीनं मोजू. अकराही घरच्या कारभाऱ्यांना किंवा कारभारणींना देवळापुढे एका रांगेत उभं करा. सगळ्यांत कमी उत्पन्नवाला डावीकडे, सगळ्यांत जास्तवाला उजवीकडे. दोन्ही टोकांकडून एकेक माणूस बाजूला करत या. मधे एक उरेल. अकरा घरांत तो सहावा. त्याचं उत्पन्न ५,५०० रुपये. तोच मध्यक. घरांची संख्या सम असेल तर मधे दोघे उरतात, मग त्या दोघांचा मध्य काढायचा.

अर्धी वाडी त्या मधल्या घराइतकी किंवा त्याहून गरीब आहे. सरासरीनं ११,००० सांगितलं, मधल्या घरानं त्याच्या निम्मं सांगितलं. आता बोला, वाडी कुणात दिसते?

पुढच्या वर्षी ठेकेदाराला रस्त्याचं काम मिळालं आणि त्याचं उत्पन्न २२,००० रुपयांनी वाढलं असं धरा. बाकी कुणाला एक रुपया वाढला नाही. सरासरी होते १३,०००. कागदावर विकास झाला. मधलं घर आहे तिथंच, ५,५०० वर. म्हणून साथींनो, कुणी तुम्हाला सरासरी सांगितली की त्याला विचारायचं, "साहेब, मधलं घर कुठलं?"

पुण्यात हे काम आधीही झालंय

आपल्याला वाटेल हे मोजमाप सरकारनं काल काढलं. तसं नाही. या अंकाची स्टेन्सिल कापायला आणि प्रती काढायला आम्ही पुण्यात येतो. त्याच पुण्यात हे काम फार पूर्वी सुरू झालं.

हेरॉल्ड मॅन नावाचे इंग्रज गृहस्थ पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. त्यांनी पुण्याजवळचं पिंपळे सौदागर हे गाव घेतलं आणि घर न् घर मोजलं. जमीन किती, पीक किती, मजुरी किती, सावकाराचं देणं किती, खायला-ल्यायला किती लागतं. १९१७ साली त्यांचं पुस्तक निघालं. त्यात गावाच्या जुन्या कागदांवरून एक हिशेब आहे : १७७१ साली एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, १८१८ साली साडेसतरा एकर, आणि १९१४-१५ साली ७ एकर. म्हणजे दीडशे वर्षांत जमिनीचा घास होत होत गेला.

पण मॅनसाहेब सरासरीवर थांबले नाहीत, हे महत्त्वाचं. त्यांनी घरांचे तीन गट केले. नुसत्या शेतीवर भागतं अशी घरं, शेती आणि बाहेरची मजुरी मिळून भागतं अशी घरं, आणि दोन्ही धरूनही भागत नाही अशी घरं. तिसऱ्या गटात शंभरातली पासष्ट घरं निघाली. ज्यांचं भागत होतं त्यांतल्या बहुतेकांचंही शेतीनं नाही, खडकी-पुण्याच्या मजुरीनं भागत होतं. मग त्यांनी शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक घेतलं. ते कोरडवाहू, पुण्यापासून लांब, कारखान्याची मजुरी नाही. त्याचा अहवाल १९२१ साली निघाला. तिथं न भागणारी घरं शंभरात पंच्याऐंशी निघाली.

एकाच जिल्ह्यातली दोन गावं, आणि एवढा फरक. पिंपळे सौदागरचा आकडा जातेगावला लावला असता तर जातेगावचं दुःख दिसलंच नसतं. आज आख्ख्या जिल्ह्याचा आकडा आपल्या डोंगरातल्या वाडीला लावतात, तेव्हा हेच होतं.

पुढे १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. त्यांच्या लोकांनी वाई तालुक्यातल्या शेतीचे हिशेब घेतले, पुणे शहरातल्या कुटुंबांची पाहणी केली, आणि काही वर्षांनी शहराची तीच पाहणी पुन्हा केली. पुन्हा केली, हे लक्षात ठेवा. एकदा मोजलं तर गरिबी कळते. दुसऱ्यांदा मोजलं तर ती वाढली का घटली ते कळतं.

आणि १९७१ साली पुण्यातूनच वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्यावरचा अभ्यास पुढे आणला. त्यांनी विचारलं की माणसाला रोज पोटाला पुरेसं, म्हणजे २,२५० कॅलरी, मिळायला किती खर्च येतो. खेड्यात, १९६०-६१ च्या भावानं, माणशी महिना १५ रुपये असा तो निघाला. खेड्यातली शंभरातली चाळीस माणसं त्याच्या खाली होती. त्यांनी उपायही सांगितला : काम मागणाऱ्या हाताला सरकारनं काम द्यावं.

दांडेकर-रथांनी उत्पन्न धरलं नाही, खर्च धरला. का? कारण गरीब माणसाला उत्पन्न सांगता येत नाही. ते कधी भात असतं, कधी मजुरी, कधी मासळी, कधी उचल. पण घरात काय शिजलं ते बाईला नक्की आठवतं. हे आपणही ध्यानात ठेवू.

रेषा वर चढली, घर कुठे आहे?

आता सरकारी रेषेचं बघू. सहाव्या योजनेत पाच माणसांच्या घराला वर्षाला ३,५०० रुपये अशी रेषा होती. सातव्या योजनेत ती ६,४०० झाली. आठव्या योजनेत ११,००० झाली. कुणाला वाटेल, वा, सरकार उदार झालं, तिप्पट केलं! तसं काही नाही. रुपया लहान झाला म्हणून आकडा मोठा झाला. तीन आकडे तीन वेगवेगळ्या वर्षांच्या भावांचे आहेत. पोटाचं माप तेच आहे.

११,००० म्हणजे दिवसाला तीस रुपये. पाच तोंडांत वाटले तर तोंडाला सहा रुपये. त्यात धान्य, तेल, मीठ, मिरची, रॉकेल, कपडा, औषध, वह्या, एसटीचं भाडं, लग्न आणि मयत. आणि ज्या घरात पाच नाही, नऊ तोंडं आहेत, त्यालाही रेषा तीच! नऊ माणसांच्या घरात १२,००० आले म्हणून ते रेषेवर, आणि तीन माणसांच्या घरात १०,००० आले म्हणून ते रेषेखाली. हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात?

म्हणून जुन्या आणि नव्या आकड्याची तुलना करायची तर रुपयात करून चालत नाही. आपल्या म्हाताऱ्या माणसांना रुपयाची वर्षं आठवणार नाहीत, पण हे आठवेल की तेव्हा दिवसभराच्या मजुरीत किती शेर नाचणी येत होती आणि आज किती येते. घरचं भात आणि नाचणी-वरई दिवाळीपासून किती महिने पुरत होती आणि आज किती पुरते. पूर्वी होळीपर्यंत पुरत होतं आणि आता संक्रांतीलाच कणगी रिकामी होते, तर ते घर खाली गेलं. मग कागदावर रुपये कितीही वाढोत.

उत्पन्न म्हणजे काय धरायचं?

इथं सगळ्यांत जास्त घोटाळा आहे. म्हणून जरा थांबून बघू.

पाहणीला आलेला माणूस सहसा दोनच गोष्टी विचारतो : सातबारावर जमीन किती, आणि घरात नोकरीवाला कोण. मग जमिनीला काहीतरी ठोकताळा लावून आकडा लिहितो. सातबारावर जमीन आजाच्या नावावर असते. त्या एका उताऱ्यावर चार भाऊ आणि त्यांच्या सात चुली. ज्याच्या दारात विचारलं त्याच्या नावावर सगळी जमीन लागते, बाकीचे सहा भूमिहीन. दोन्ही खोटं. आपल्या हिशेबात एक चूल म्हणजे एक घर. जिथं भाकरी वेगळी भाजते ते घर वेगळं.

घरी पिकलेलं आणि घरीच खाल्लेलं धान्य, तेही उत्पन्न आहे. ते धरायचं. गावात ज्या भावानं विकत घ्यावं लागलं असतं त्या भावानं धरायचं. उन्हाळ्यात गोळा केलेला हिरडा, करवंद, मध, मासळी, विकलेली मोळी, हेही धरायचं. पण हिरडा धरताना व्यापाऱ्यानं हातात जेवढे पैसे टेकवले तेवढेच धरायचे. भाव काय होता ते वेगळं लिहायचं. वजनात मारलेलं आपल्या उत्पन्नात कशाला दाखवायचं? त्याची नोंद मात्र ठेवायची.

वीटभट्टीची, कोळसाभट्टीची उचल हे उत्पन्न नाही, कर्ज आहे. हंगाम संपल्यावर हिशेब होतो, उचल फिटून हातात काय आलं आणि अंगावर किती राहिलं. काही घरांत हंगामभर चौघे राबून शेवटी अंगावरच पैसे निघतात. मुकादमाच्या वहीत त्या घराला हजारो रुपये दिलेले दिसतील. त्या हजारांवरूनच आमच्या म्हातारीच्या नावापुढे १२,००० पडले असतील, अशी आम्हाला शंका आहे. खावटी कर्जाचंही तसंच. पावसाळ्यात मिळालेलं खावटीचं धान्य फेडायचं असायचं. ते उत्पन्नात धरू देऊ नका.

योजनेतून मिळालेल्या म्हशीचंही सांगून ठेवतो. कर्जानं म्हैस मिळाली की कागदावर ते घर रेषेच्या वर गेलं असं धरतात. म्हैस भाकड निघाली, मेली, पण घर कागदावर वरच राहिलं, आणि बँकेचा माणूस मात्र हप्त्याला खाली येतो.

हे सगळं धरून खर्चही विचारायचा. महिन्यात किती धान्य विकत आणलं, तेल-मीठ किती, दवाखान्याला किती, आणि जंगलखात्याचा दंड व कोंबडी किती. उत्पन्न आणि खर्च यांत जो खड्डा पडतो तो कशानं भरला ते विचारायचं. बहुतेक वेळा उत्तर सावकार असंच येतं. १९७६ च्या पालेमोड कायद्यानं आदिवासीला आडवणारी सावकारी बंद व्हायला हवी होती. ती किती बंद झाली हे त्या खड्ड्यात डोकावलं की दिसतं.

जंगलातला तुकडा सांगायचा का लपवायचा?

आता मुख्य गोष्ट. या एका प्रश्नासाठी आम्ही अग्रलेख लिहायला घेतला.

आपल्यातल्या कितीतरी घरांची नाचणी-वरई जंगलखात्याच्या जमिनीतल्या तुकड्यावर पिकते. बापाच्या, आजाच्या वेळेपासून. पाहणीच्या वेळी काही गावांत साथींनी तो तुकडा सांगितलाच नाही. काहींना वाटलं, सांगितलं तर उत्पन्न वाढेल आणि यादीतून नाव जाईल. काहींना वाटलं, सांगितलं तर खातं पकडेल. दोन्ही भीती खऱ्या आहेत. आम्ही त्यांना नावं ठेवत नाही.

पण पुढचा विचार करा. जमीन नावावर व्हावी म्हणून आपण लढतो आहोत. सरकारनं ३१ मार्च १९७८ ची तारीख घातली, आणि त्याआधीपासून कसतो हे सिद्ध करा म्हणून सांगितलं. पुरावा मागतात. आपल्याकडे पुरावा काय? दंडाच्या पावत्या, त्याही कुणाच्या घुशीनं खाल्ल्या, कुणाच्या पावसात भिजल्या, आणि बहुतेकांना तर पावती न देताच दंड घेतला. मग उद्या चौकशीला साहेब आला आणि त्यानं पाहणीचा सरकारी तक्ता उघडला, तर तुमच्याच तोंडून लिहिलेलं असेल : जमीन नाही, पीक नाही, मजुरीवर गुजराण. तुमच्याच अंगठ्यानं तुमची जमीन गेली.

आणि सांगितलं तर किती उत्पन्न वाढतं? डोंगर-उताराच्या एक-दीड एकरातली नाचणी-वरई, तीही एक वर्ष पिकवून पुढे पड टाकायची. ती धरून कुठलं घर ११,००० ओलांडतं ते दाखवा. ओलांडत नाही. ज्याचं ओलांडतं त्याचं मजुरीनं, नोकरीनं ओलांडतं. म्हणजे लपवून यादीत फायदा जवळजवळ काही नाही, आणि तोटा जमिनीचा. म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे. तुकडा सांगायचा, पीक सांगायचं, कधीपासून कसतो ते सांगायचं, आणि लिहिलंय का ते वाचून घ्यायचं. ज्यांनी आधी सांगितलं नाही त्यांनी आता ग्रामसभेत उभं राहून दुरुस्ती मागायची. एकट्यानं नाही, आख्ख्या वाडीनं मिळून.

उलट बाजूनंही सांगतो. यादीत नाव यावं म्हणून खोटं कमी लिहू नका. एका घराचं खोटं पकडलं की साहेब आख्ख्या गावाचं खरं फेकून देतो. आपली गरिबी खरी आहे. तिला खोटेपणाची ठिगळं कशाला?

कुलूप लावलेली घरं

आणखी एक गोष्ट, जी आम्हालाही आधी लक्षात आली नव्हती. पाहणी कुठल्या महिन्यात होते? आपल्याकडे दिवाळीनंतर वाड्या रिकाम्या होतात. कातकरी कुटुंबं भट्टीवर, ठाकर-कोळी कुटुंबं बागाईत गावांत मजुरीला. मोजायला माणूस उन्हाळ्यात येतो, तेव्हा दाराला कुलूप. तो पुढच्या घरी जातो.

आपली अकरा घरांची वाडी परत घ्या. सगळ्यांत गरीब तीन घरं भट्टीवर गेली आहेत. उरली आठ. आता रांगेत मधे ६,००० आणि ७,००० वाली दोन घरं येतात. मध्यक झाला ६,५००. कुणालाही एक पैसा वाढला नाही, तरी मधलं घर हजार रुपयांनी वर गेलं. फक्त गरीब माणूस मोजणीच्या दिवशी घरी नव्हता.

हेच मोठ्या प्रमाणात धरणाचं होतं. डिंभे धरणाच्या पाण्यात ज्यांची शेतं गेली त्यांतले कितीजण मुंबईला, पुण्याला, बाजारगावांत पांगले. वीस वर्षांनी कुणी येऊन उरलेल्यांचा हिशेब घेईल आणि म्हणेल, या भागाचं उत्पन्न वाढलं बघा. गेलेल्यांना कोण मोजणार? अभयारण्याच्या नावानं लोक हटवले गेले तर तिथंही असंच होईल. म्हणून मधलं घर हे चांगलं माप आहे, पण रांगेत सगळे उभे असले तरच. जो गैरहजर आहे त्याच्या जागी दगड ठेवा, पण रांगेतून त्याची जागा काढू नका.

आपण काय करायचं

सरकारची पाहणी सरकार करील. आपली मोजणी आपण करू. कार्यकर्त्यांच्या बैठकीत ठरलं ते असं :

१. प्रत्येक वाडीत दोघांनी हे काम घ्यावं, त्यात एक बाई असलीच पाहिजे. घरात काय शिजतं ते तिला कळतं आणि दुसऱ्या बायका तिच्याशी बोलतात.

२. शंभर पानी वही घ्यावी. एका चुलीला एक पान. चूल, तोंडं किती, सातबाराची जमीन, जंगलातला तुकडा आणि तो कधीपासून, घरचं धान्य किती महिने पुरलं, मजुरीचे दिवस आणि दर, हिरडा-मोळी-मासळी, उचल आणि तिची फेड, दंड, कर्ज.

३. मोजणी पावसाळ्याच्या तोंडावर, माणसं भट्टीवरून परत आल्यावर करावी. दरवर्षी त्याच दिवसांत. जे परत आले नाहीत त्यांचंही पान वहीत ठेवावं आणि शेजाऱ्याला विचारून जमेल तेवढं भरावं.

४. सगळी घरं मोजणं जमलं नाही तर सोयीची घरं निवडू नयेत. रस्त्याकडेची घरं थोडी बरी असतात. वाडीच्या एका टोकापासून सुरू करून दर तिसरं घर घ्यावं, आणि ते कुलूपबंद असेल तर परत जावं.

५. पान भरून झालं की त्या घरच्यांना वाचून दाखवावं. त्यांनी हो म्हटल्यावरच पुढे जावं.

६. वही गावाची. ती गावातच राहील. ग्रामसभेच्या परवानगीशिवाय ती कुणाला द्यायची नाही, आम्हालाही नाही. बाहेर जाईल तो फक्त गावाचा आकडा : घरं किती, मधल्या घराचं उत्पन्न किती, धान्य किती महिने पुरतं, कितीजणांच्या कसण्यात जंगलाची जमीन आहे.

७. पुढच्या वर्षी तीच पानं, त्याच चुली. चूल फुटली तर नवीन पान, पण जुन्या पानाचा नंबर त्यावर लिहायचा.

पाच वर्षं हे केलं तर आपल्याकडे जे असेल ते तालुक्याच्या कचेरीत कुठेच नसेल. जमीन नावावर झालेल्या घराचं पाच वर्षांत काय झालं आणि न झालेल्या घराचं काय झालं, हे आपण शेजारीशेजारी ठेवून दाखवू. आपण म्हणतो जमीन मिळाली तर भट्टीवर जावं लागणार नाही. ते खरं का, हेही आपल्यालाच कळेल. आणि जिथं जमीन मिळूनही घर खाली गेलं असेल तिथं का गेलं, पाण्यावाचून का बैलावाचून, तेही कळेल. ते आपल्याला बोचलं तरी लिहायचं.

हिशेब ही फक्त साहेबांची आणि सावकारांची विद्या आहे, असं आपल्याला पिढ्यान् पिढ्या वाटत आलं. त्यांच्या वहीत आपण अंगठा देत आलो. आता वही आपली असेल.

त्या म्हातारीला आम्ही सांगून आलो आहोत. तिच्या १२,००० रुपयांचा हिशेब तहसीलदाराला लेखी विचारला आहे. उत्तर आलं की याच पत्रकात छापू. नाही आलं, तर पुढच्या महिन्यात तिला आणि तिच्यासारख्या सगळ्यांना घेऊन पुण्याला कलेक्टर कचेरीवर जायचं आहे. येताना ज्यांच्याकडे आहेत त्यांनी दंडाच्या पावत्या आणि तलाठ्याचे जुने दाखले घेऊन यावं. आणि शिदोरी आपापली आणावी.

लढेंगे, जितेंगे!